रविवारी जुळवलेलं मशीन

"तुमच्या बोर्डावर दोर किती असतात हो ताई?"

अभिमन फरशीवर मांडी घालून बसला होता. पुढ्यात पत्र्याचं कॅबिनेट पोट उघडं टाकून पडलेलं, त्यातून रंगीबेरंगी वायरी बाहेर आलेल्या. कूलरचं वारं थेट त्याच्या पाठीवर येत होतं, तरी शर्ट चिकटलेलाच. जळगावचा मे महिना कूलरला भीत नाही.

"ट्रंक कॉलच्या बोर्डावर?" प्रमिला म्हणाली. "असतात दहा-बारा जोड्या. का?"

"सगळ्या गुंतल्या, आणि वर अजून एक कॉल आला, तर?"

"तर काय? थांबवून ठेवायचा. एक जोडी मोकळी झाली की लावायचा."

"ऑपरेटर लई चपळ असली तरी?"

"चपळ असून काय करणार? दोरच नाही तर कॉल काय हवेत लावणार?"

"बस!" अभिमनने मांडीवर थाप मारली. "हीच मेमरी. तुमचे उखर्डूनाना म्हणतात, सगळ्यात फास्ट प्रोसेसर टाक. प्रोसेसर म्हणजे ऑपरेटर. दोर चार दिले, तर ती बिचारी नुसती बसून राहील. त्यापेक्षा ऑपरेटर जरा सावकाश असली तरी चालेल, पण दोर भरपूर द्या."

"म्हणजे मी प्रोसेसर."

"तुम्ही प्रोसेसर," तो म्हणाला, आणि उगाचच वायरीत डोकं घातलं.

प्रमिला शिसोदे टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. चाळिशी जवळ आलेली. लग्न झालेलं नव्हतं. वडील, तोतारामआप्पा, नोकरीत असल्यापासून समाजाचं वधू-वर नोंदीचं काम घरीच करत. प्रत्येक मुलामुलीचं एक कार्ड. त्यावर नाव, गाव, शिक्षण, कूळ, आणि मामकूळ म्हणजे आईच्या माहेरचं कूळ. बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यांत ही कार्डं उभी लावलेली. रविवार उजाडला की मुक्ताईनगर, नरडाणा, पार साक्रीकडून माणसं यायची, ओसरीवर चपला मावायच्या नाहीत. एका मुलीसाठी सगळे डबे खाली काढायचे, वय बघायचं, शिक्षण बघायचं, मग मुलीचं कूळ मुलाच्या मामकुळाशी तर अडत नाही ना, ते ताडायचं, मग उलट. माणसं जेवून, झोप काढून, चहा पिऊन संध्याकाळच्या गाडीला लागायची. आप्पा गेले, काम प्रमिलाकडे आलं. कार्डं वाढत गेली, डबे माळ्यावर चढले, आणि साक्रीचा एक गृहस्थ दोनदा हात हलवत परत गेला, तेव्हा तिने स्वतःच्या फंडातून घरी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं.

उखर्डूनाना समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष. पैसे मंडळाचे नव्हते, पण मत मंडळाचं होतं.

"रंगीत पडदा घ्या बाई. पोरीचा रंग दिसाले नको?"

"नाना, यात फोटो नसतात. नुसती अक्षरं."

"मंग अक्षरं तरी रंगीत ऱ्हाऊ द्या!"

अभिमन बोरसे मूळचा नरडाण्याचा. धुळ्याला एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळेत कामाला होता, आणि रविवारी लोकांना कॉम्प्युटर जुळवून द्यायचा. सुटे भाग मुंबईहून मागवायचा, पिशवीत घालून, पिशवी मांडीवर घेऊन यष्टीने जळगावला यायचा. बायको बाळंतपणात गेलेली. बरीच वर्षं झाली होती त्याला. हे त्याने एकदा चहा पिताना सांगितलं होतं. कप खाली ठेवला, सांगितलं, कप परत उचलला.

त्याचं म्हणणं साधं होतं. रंगीत पडदा नको, काळापांढरा चालेल. सगळ्यात नवा प्रोसेसर नको, त्याच्या एक पायरी खालचा घ्या. वाचतील त्या पैशांत मेमरी चारऐवजी आठ एमबी करा, आणि डिस्क फास्ट घ्या. "डिस्क म्हणजे तुमचा माळा. प्रत्येक कार्डासाठी शिडी लावून चढायचं, उतरायचं. डेटाबेसचा सगळा वेळ त्या शिडीवर जातो. लोक प्रोसेसर बघतात, शिडी कोणी बघत नाही."

हे पहिल्याच रविवारी सांगून झालं होतं. प्रमिलाला ते पहिल्याच रविवारी पटलंही होतं.

तरी उन्हाळा गेला.

"ही डिस्क घेतली आणि पुढे भरली, तर?"

"भरणार नाही. भरली तर दुसरी जोडू."

"जुनी झाल्यावर हळू चालते का?"

"बघतो. पुढच्या रविवारी दुसऱ्या कंपनीची आणतो, दोन्ही लावून बघू."

"व्होल्टेज कमी-जास्त झालं तर?"

"स्टॅबिलायझर आणतो."

"देवनागरीचं कार्ड वेगळं घालावं लागतं म्हणे. त्याने वेग कमी होत नाही ना?"

"थोडा. त्यावर उपाय आहे. पुढच्या रविवारी सांगतो."

"यष्टीत गर्दी असते का?"

"पारोळ्यापर्यंत उभं राहावं लागतं."

"जेवून निघता का?"

"नाही."

त्यानंतर प्रमिलाने डिस्कबद्दल काही विचारलं नाही. रविवारी सकाळी ती शेवभाजीचा रस्सा जरा जास्त टाकू लागली.

आई, इंदिराबाई, आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून असायची. माहेर साक्रीकडचं, जळगावात आयुष्य गेलं तरी बोली सोडली नव्हती. अंगणात ज्वारीच्या बिबड्या वाळत घातलेल्या असत, त्यांवर नजर ठेवायच्या निमित्ताने तिची सगळी नजर ओसरीवर असे.

"काय वं पमे," एका रविवारी अभिमन गेल्यावर ती म्हणाली, "तो तुले ताई म्हनस. तू त्याले भाऊ म्हनस. मंग हाई मशीन काय भाऊबीजले पुरी व्हई का?"

"आई, काहीतरीच काय!"

"मी काय बोलनू? मशीनवरच बोलनू ना."

आईचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. अभिमन वायरीची गुंडाळी विसरला होता, ती न्यायला परत आला होता, आणि दारातच उभा होता. त्याने गुंडाळी उचलली. "येतो," म्हणाला. नुसतं "येतो". त्या दिवसापासून तिला ताई म्हणणं थांबलं. ताईच्या जागी दुसरं काही आलं नाही. तिथे नुसती एक लहानशी थांबण्याची जागा राहिली. "हे बघा… इथे नाव भरायचं." "हे बघा… इथे कूळ."

जूनमध्ये मशीन उभं राहिलं. प्रमिला ड्युटीवरून आल्यावर रोज थोडी थोडी कार्डं भरायची. अभिमनने तिला रेकॉर्ड भरायला शिकवलं, शोधायला शिकवलं, आणि पुसायला शिकवलं.

"पुसलं की लगेच जात नाही," तो म्हणाला. "बघा, समोर नुसती एक फुली येते. शोधताना मशीन ते रेकॉर्ड सोडून देतं, पण असतं तिथंच."

"मग खरंच कधी जातं?"

"त्याची वेगळी आज्ञा आहे. पण घाई करू नका. पुष्कळदा माणसाला वाटतं पुसलं, आणि मग लागतंच."

पुढे जिथे फुली दिसेल, तिथेही असंच समजावं. प्रमिलाने पुसलेलं, पण आहे तिथेच.

* तिचं स्वतःचं कार्ड त्या डब्यांत कधीच नव्हतं. आप्पांनी घातलं नाही. "पंगतीत वाढणाऱ्याने आधी आपलं पान वाढून घ्यायचं नसतं," ते म्हणत. लोक म्हणाले असते, तोतारामने चांगलं स्थळ घरातच ठेवून घेतलं. म्हणून चांगली स्थळं आली की आप्पा ती दुसऱ्यांच्या मुलींना दाखवत. हौसेने दाखवत. लग्नाला प्रमिलालाही नेत. ती तेवीस वर्षांची असताना भुसावळचा एक रेल्वेतला मुलगा ओसरीवर बसून तिच्याकडे बघून हसला होता. आप्पांनी त्याचं कार्ड दुसऱ्याच दिवशी पारोळ्याच्या लोकांना दिलं.

* आप्पा गेल्यावर ती स्वतः कार्ड लिहू शकली असती. कोरी कार्डं टेबलाच्या खणातच होती.

सगळी कार्डं भरून झाली तो रविवार. पावसाने दडी मारलेली, हवा कोंदट. अभिमनने खुर्ची ओढली आणि बराच वेळ पडद्यावरून नावं खाली सरकवत राहिला.

"एक कार्ड दिसत नाही," तो म्हणाला.

"कोणतं?"

"या घरातलं."

प्रमिलाने कूलरमध्ये पाणी आहे का ते पाहिलं. होतं.

"आमच्या घरातलं नसतं," ती म्हणाली. "आप्पांचा नियम होता."

"नियम तुम्ही बदलला तरी चालेल ना? मशीन तुमचं आहे."

तो बसला तिथेच. मग त्याने कीबोर्ड पुढे ओढला आणि दोन बोटांनी, सावकाश, एकेक अक्षर शोधत काहीतरी भरलं. मशीनचा एवढा जाणकार माणूस, पण देवनागरी टाइप करताना पहिलीतल्या पोरासारखा दिसायचा. भरून झाल्यावर उठला.

"वेग तपासायला एक रेकॉर्ड टाकलंय," भिंतीकडे बघत म्हणाला. "ट्रायल. माहिती मात्र खरी आहे. पटलं नाही तर पुसून टाका. पटलं तर… तुम्हाला माहीतच आहे, पुढे काय भरायचं ते."

तो गेला. उन्हं उतरेपर्यंत प्रमिला पडद्याकडे फिरकली नाही. मग बसली.

नाव: अभिमन पुना बोरसे
गाव: नरडाणा. हल्ली धुळे
वय: बेचाळीस
नोकरी: आहे
कूळ: बोरसे
मामकूळ: देवरे
विवाह: बिजवर. मूल नाही
अपेक्षा:

अपेक्षेच्या जागी काही नव्हतं. तिथे माणसं काय काय लिहून देत! गोरी, घरकामात निपुण, एकुलती एक नको, नोकरीवाली हवी, नोकरीवाली नको. त्याने तेवढीच एक जागा मोकळी ठेवली होती.

प्रमिलाने नवीन रेकॉर्ड उघडलं. शिसोदे, प्रमिला तोताराम. गाव भरलं. नोकरी भरली. कूळ शिसोदे. मामकूळ पवार. बोटं थांबली. हजारदा केलेलं काम. पडद्याची गरजही नव्हती. शिसोदे आणि देवरे, अडत नाही. बोरसे आणि पवार, अडत नाही. देवक वेगळं. वय बसतं. जिल्हा शेजारचा. कुठे काही अडत असतं तर तिला बरं वाटलं असतं. आड येणारं काहीच नव्हतं.

* तिला त्याने तोंडाने विचारायला हवं होतं. एकदाच. चहाचा कप खाली ठेवून सांगितलं होतं, तसं.

तिने स्वतःचं अर्धं रेकॉर्ड न ठेवता बंद केलं. त्याचं मात्र पुसलं नाही. पुसणार कसं? रोज संध्याकाळी कामाला बसली की आधी ते उघडायची, रिकाम्या अपेक्षेकडे बघायची, आणि मग बाकीचं काम करायची. आठवडाभर असं चाललं. पुढच्या रविवारी तो आलाच नाही, परीक्षांचं काम निघालं म्हणून निरोप आला. तिने ठरवलं, त्याच्या पुढच्या रविवारी आपण भरायचं. त्याच्या समोरच भरायचं, म्हणजे बोलावं लागणार नाही.

तो रविवार उजाडला तो उखर्डूनानांचा आवाज घेऊनच.

"बाई! मंडळी आणी शे दखा! आज मशीननी परीक्षा!"

नानांमागे मुक्ताईनगरकडचा झुलाल नावाचा केळीवाला शेतकरी, आणि त्याच्यामागे त्याची बहीण कुंदा. मुलगी स्वतः सहसा येत नसे. ही आली होती. बालवाडीत शिकवायची. तिशी उलटलेली. साखरपुडा झालेला मुलगा लग्नाच्या तोंडावर विहिरीवर पंपाच्या मोटारीचा शॉक लागून गेला, तेव्हापासून गावाने तिच्या पायाला दोष लावला होता. झुलालने हे दबक्या आवाजात सांगायला घेतलं, तर कुंदाच म्हणाली, "सांग की मोठ्यानं. त्याईले कळू दे. नंतर कळते अन् मंग परत जाते लोकं."

तेवढ्यात अभिमन आला. पिशवी नव्हती. हात मोकळे होते, शर्ट इस्त्रीचा होता. आत एवढी माणसं पाहून तो कूलरशेजारी भिंतीला टेकून उभा राहिला. प्रमिलाने त्याच्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे. दोघांनाही वाटलं, ही माणसं गेल्यावर.

"दाबा कळ," नाना म्हणाले. "याले म्हनतस प्रगती! नाहीतं तोताराम बिचारा दिवसभर डबा काढे."

प्रमिलाने कुंदाची माहिती भरली. कूळ, मामकूळ, वय. मुलीच्या वयाला साजेसं, कूळ न अडणारं, आणि मुलीला दोष असल्याचं कळूनही नाही न म्हणणारं स्थळ म्हणजे बहुतेक बिजवरच. हे सगळं तिच्या बोटांना पाठ होतं. आणि बोटं आपलं काम करत असताना, शेवटची कळ दाबायच्या आत, तिच्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. ती भिंतीशी उभ्या असलेल्या इस्त्रीच्या शर्टाचा विचार करत होती.

कळ दाबली.

कार्डांचे दिवस असते, तर तिने डबा खाली काढला असता. एकेक कार्ड अंगठ्याने पुढे सारत गेली असती. ते कार्ड आलं असतं तेव्हा अंगठ्याखाली दाबून दुसऱ्यासोबत पुढे सारलं असतं, आणि कुणाला कळलंही नसतं. निदान ते येणार हे आधी कळलं असतं. पाणी प्यायला उठता आलं असतं. पण या मशीनमध्ये शिडी उरलीच नव्हती. आख्खा उन्हाळा दोघांनी बसून, पारखून, दोनदोन डिस्क लावून बघून, जो उशीर एकेक करून काढून टाकला होता, त्यातला थोडा, अगदी चिमूटभर जरी शिल्लक असता!

पडदा भरला. नानांनी चष्मा वर केला.

"धुळं… अमळनेर… आणि हाई कोन? नरडाणा. अभिमन पुना बोर… अरे! हाऊ तं आपला मशीनवाला!" नाना खदखदून हसले. "काय रे भो, सोताले सोताच मशीनमा टाकी लिन्हं का? बिजवर, मूलबाळ नही, नोकरी शे. लपाडी ठेवेल व्हतं का इतला दिवस?"

झुलाल हसला. कुंदा हसली नाही. तिने भिंतीकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. अभिमनही हसला नाही. तो पडद्याकडे बघत होता. त्याचं नाव तिथे होतं. पुसलेलं नव्हतं. आणि ते दुसऱ्या मुलीपुढे मांडलेलं होतं. हळूहळू त्याचा चेहरा, एखाद्याला आपलं उत्तर मिळाल्यावर होतो तसा झाला.

"मी टाकलं," तो म्हणाला. "ठेवलं प्रमिलाबाईंनी."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून तिचं नाव आलं.

"खरं शे का बाई?" नानांनी विचारलं. "का नुसती आपली ट्रायल? नाही, पोरीचं प्रकरन शे, थट्टा नको."

कुंदाने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर आशा नव्हती. आशा ठेवायची सवय मोडलेल्या माणसाचा तो चेहरा होता. "नाही, ते चुकून आलं" हे ऐकायची तयारी तिने आधीच करून ठेवली होती. एक शब्द, आणि ती उठली असती, पदर सावरून, भावाला "चाल" म्हणाली असती.

* "खरं आहे. पण ते माझ्यासाठी आहे."

"खरं आहे," प्रमिला म्हणाली. "स्थळ चांगलं आहे."

दुसरं वाक्य कुणी विचारलं नव्हतं. ते सवयीने आलं. इतक्या रविवारी, इतक्या लोकांना, इतक्या स्थळांबद्दल ती ते म्हणाली होती.

आतल्या दारात इंदिराबाई तळलेल्या बिबड्यांचं ताट घेऊन उभी होती. ती पाहुण्यांपर्यंत आलीच नाही. वळली, आणि ताट चुलीपाशी नेऊन ठेवलं.

"विचार करून सांगतो," अभिमन झुलालला म्हणाला. मग कुंदाकडे पाहून, जरा थांबून म्हणाला, "तुम्हाला सगळं सांगितलं ना माझं? बायको बाळंतपणात गेली. लोक तेही बोलतात."

"बोलू द्या," कुंदा म्हणाली. "लोकाईले काय, पोट भरते त्याईचं."

तो पहिल्यांदाच थोडासा हसला. प्रमिलाने ते पाहिलं. वाईट जुळणी नव्हती. तिला जुळणी कळत होती. तेच तर तिचं काम होतं.

मंडळी गेल्यावर आई मोरीत जाऊन बसली. मग भांडी घासता घासता म्हणाली, "तोंड नव्हतं का वं तुले?"

"त्या पोरीचं तोंड पाहिलंस ना आई?"

"दखं. तुनं तोंडबी रोज दखस मी." राख पातेल्यावर जोरात फिरली. "तुना बाप गया, पन त्याना नियम काही गया नही आठेन."

लग्न माघात झालं, नरडाण्याला. प्रमिला गेली होती. नानांनी तिला मांडवात पुढे बसवलं आणि माईकवरून सांगितलं की हे समाजातलं कॉम्प्युटरने जुळवलेलं पहिलं लग्न. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर नोंदी फार वाढल्या. मशीनची कीर्ती पार शिरपूरपर्यंत गेली. माणसं सकाळच्या गाडीने येत, प्रमिला कळ दाबे, छापलेला कागद हातात पडे, आणि दुपारच्या गाडीने माणसं परत जात. जेवायला कुणी थांबत नसे. थांबायचं कारणच उरलं नव्हतं. ओसरीवर चपलांचा ढीग दिसेनासा झाला. तिकडे एक्स्चेंजमध्येही गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ झाले, ट्रंकचा बोर्ड उचलून अडगळीत ठेवला गेला, आणि प्रमिलाला तक्रारींच्या टेबलावर बसवलं. लोक फोन करून सांगत, लाइन बंद आहे. ती लिहून घेई.

मशीनला मात्र कधी तक्रार नव्हती.

वर्षानंतरच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, कुंदा माहेरी निघाली, तेव्हा वाटेत जळगावला दोघं उतरले. कुंदा आल्या आल्या प्रमिलाला "अक्का, आई कुठे?" विचारत आत गेली, इंदिराबाईंच्या पायाशी बसली, नरडाण्याची सासू कशी आहे ते साभिनय सांगू लागली. इंदिराबाईंना हसायचं नव्हतं, पण हसू आलं. पोरगी अंगाने भरली होती. हातात बांगड्या चिक्कार.

अभिमन ओसरीत थांबला होता.

"एकदा साफ करून देतो," तो म्हणाला. "धूळ बसली असेल."

त्याने झाकण उचललं. ब्रशने पंख्यावरची धूळ काढली, वायरी दाबून पाहिल्या, मेमरीच्या पट्ट्या काढून पुसून परत बसवल्या. ती स्टुलावर बसून बघत होती. कूलर चालू होता.

"रेकॉर्डं खूप झालीत," शेवटी ती म्हणाली. "आठच्या सोळा एमबी कराव्यात का? मेमरी?"

त्याचा ब्रश थांबला. तिच्याकडे न बघता त्याने विचार केल्यासारखं केलं.

"नको," तो म्हणाला. "हळू चालतंय का?"

"नाही."

"मग नको. याला आता कशाचीच गरज नाही."

झाकण परत ठेवलं. त्या उन्हाळ्यात त्याने झाकणाला स्क्रू कधी लावलेच नव्हते. दर रविवारी उघडायचंच आहे, कशाला पिळायचे, म्हणायचा. तेव्हापासून ते नुसतंच वर टेकवलेलं होतं. मशीन चालू झालं की पत्रा थरथरायचा, बारीक आवाज करायचा, आणि प्रमिलाला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो मशीनचाच आवाज आहे असं तिला वाटे. अभिमनने खिशातून कागदाची पुडी काढली. स्क्रू बरोबर आणले होते.

"जरा धरता का, अक्का?"

तिने हात पुढे केला. स्क्रू तिच्या तळहातावर आले, त्याच्या खिशातल्या उबेसकट. ती एकेक देत गेली, तो एकेक बसवत गेला. आतून कुंदाची हाक आली, "चला ना हो, मुक्ताईनगरची गाडी जाईन!"

"आलो," तो म्हणाला, आणि हात मागे केला.

शेवटचा स्क्रू द्यायला प्रमिलाने थोडा उशीर केला. त्याने वळून पाहिलं नाही. हात तसाच धरून ठेवला. मग तिने दिला. त्याने तो जागेवर धरला, सावकाश फिरवला, पार घट्ट होईपर्यंत पिळला. मशीन चालू केलं, आणि दोघांनी कान दिला.

पत्रा वाजत नव्हता.